एका फॉस्फेटच्या मागावर : डार्प-३२ आणि ते ओळखणारी प्रतिपिंडं

मेंदूच्या खोलात, दोन्ही बाजूंना, स्ट्रायटम नावाचा चेतापेशींचा मोठा पुंजका असतो. हालचालीला सुरुवात करून देणं, सवय मुरणं, एखाद्या गोष्टीची ओढ लागणं या सगळ्यांत त्याचा हात असतो. पार्किन्सनच्या आजारात इथं येणारं डोपामिन आटतं. कोकेन घेतल्यावर इथंच ते नको इतकं साचतं. डोपामिनचा निरोप पेशीच्या दाराशी आला की आत तो वाढवायचा की दाबायचा, हे ठरवणाऱ्या प्रथिनांत डार्प-३२ चं स्थान मोठं आहे. गेल्या चार दशकांत त्याच्याबद्दल जे कळलं, त्याचा फार मोठा भाग प्रतिपिंडांच्या, म्हणजेच अँटीबॉडींच्या, मदतीनं कळला.

प्रतिपिंड ज्याला चिकटतं तेच आपल्याला दिसतं. ते भलत्याच प्रथिनाला चिकटलं तरी ब्लॉटवर (जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं ज्या पडद्यावर उतरवतात त्यावर) पट्टा उमटतोच, आणि दिसायला तो खऱ्या पट्ट्यासारखाच असतो. म्हणून या प्रथिनाबद्दल लिहायचं तर प्रतिपिंडांच्या खरेखोटेपणाबद्दलही तितकंच लिहावं लागतं.

डार्प-३२ करतं काय?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रथिन सापडलं. १९८३ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधातून ते जगापुढे आलं. उंदराच्या स्ट्रायटममधल्या सुमारे ९५ टक्के चेतापेशी एकाच प्रकारच्या असतात. त्यांना मीडियम स्पायनी न्यूरॉन म्हणतात, आणि डार्प-३२ त्यांच्यात ठासून भरलेलं असतं.

पेशी आपल्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवते आणि काढते. बसवणारी एन्झाइम म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फटेज. पाटीवर एकानं लिहावं आणि दुसऱ्यानं पुसावं तसा हा कारभार अखंड चालू असतो. डोपामिन डी-१ ग्राहीवर बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, त्यानं प्रोटीन कायनेज-ए जागं होतं, आणि ते डार्प-३२ मधल्या ३४ व्या क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसवतं. तसं झालं की डार्प-३२ पीपी-१ नावाच्या फॉस्फटेजला धरून निकामी करतं. लिहिणारा जोरात आणि पुसणाऱ्याचे हात बांधलेले, अशी स्थिती होते. निरोप मोठा होतो, जास्त वेळ टिकतो. याउलट ग्लुटामेटमुळे पेशीत कॅल्शियम शिरलं तर कॅल्सिन्यूरिन हे दुसरं फॉस्फटेज थ्रिओनिन-३४ वरचं फॉस्फेट काढून टाकतं आणि पीपी-१ मोकळं सुटतं.

१९९९ मध्ये याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ७५ व्या क्रमांकावरही एक थ्रिओनिन आहे, आणि त्यावर सीडीके-५ हे कायनेज फॉस्फेट बसवतं. त्या अवस्थेत डार्प-३२ चक्क प्रोटीन कायनेज-ए लाच अडवतं. एकाच प्रथिनातल्या दोन जागांवरची फॉस्फेटं अशी परस्परविरोधी कामं करतात. सेरीनच्याही काही जागा आहेत, आणि त्यांतल्या एका जागेवरून हे प्रथिन केंद्रकात राहणार की बाहेर पडणार हे ठरतं.

ग्रीनगार्ड यांना २००० सालचं नोबेल आर्विद कार्लसन आणि एरिक कँडेल यांच्यासोबत मिळालं. त्यांच्या जन्माच्या वेळीच त्यांची आई गेली होती. वाट्याला आलेली रक्कम त्यांनी तिच्या नावानं, जीववैद्यक क्षेत्रातल्या स्त्री संशोधकांसाठी पुरस्कार सुरू करायला दिली. इथं हे लिहिण्याचं तसं कारण नाही, पण या प्रथिनाची गोष्ट सांगताना ते गाळवत नाही.

आता प्रयोगाचा मुद्दा. उंदराला एखादं औषध दिलं आणि तासाभरानं पाहिलं, तर डार्प-३२ चं एकूण प्रमाण बहुधा आहे तेवढंच असतं. बदललेलं असतं ते फॉस्फेट. म्हणून या अभ्यासाला एक नव्हे, निदान तीन प्रतिपिंडं लागतात : एकूण प्रथिन ओळखणारं, थ्रिओनिन-३४ वर फॉस्फेट असेल तरच चिकटणारं, आणि थ्रिओनिन-७५ साठी तसंच वेगळं.

प्रतिपिंड येतं कुठून?

सर्वांत जुना मार्ग प्राण्याच्या रक्तातून जातो. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांना सापाच्या विषाच्या लहान मात्रा देऊन सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होत आलं आहे, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. संशोधनासाठीचं पॉलिक्लोनल प्रतिपिंड त्याच तत्त्वावर, बहुधा सशात, तयार होतं. त्यात एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ असते. तो ससा मेला की ते मिश्रण संपलं. दुसऱ्या सशाचं रक्त तंतोतंत तसं नसतं.

१९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगी पेशी यांचा संकर केला. त्यातून एकाच जातीचं प्रतिपिंड अखंड मिळू लागलं. हेच मोनोक्लोनल. त्यातही पेशी बिघडण्याचा, हरवण्याचा धोका राहतोच. आज भरवशाचा प्रकार रिकॉम्बिनंट. त्यात प्रतिपिंडाचा जनुकीय क्रम लिहून ठेवलेला असतो, आणि तो पेशींत घालून हवं तेव्हा तेच प्रतिपिंड पुन्हा बनवता येतं. निवड करायची वेळ आली आणि रिकॉम्बिनंट उपलब्ध असेल, तर थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉस्फेट ओळखणारं प्रतिपिंड

ही खरी कसबाची गोष्ट. फॉस्फेट असलेलं आणि नसलेलं प्रथिन यांत फरक करणारी प्रतिपिंडं बनतात, हे ग्रीनगार्ड यांच्याच गटानं १९८२ मध्ये दुसऱ्या एका प्रथिनावर दाखवलं. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डार्प-३२ च्या थ्रिओनिन-३४ साठी असं मोनोक्लोनल तयार झालं.

नेहमीची पद्धत अशी. थ्रिओनिन-३४ च्या आजूबाजूची दहा-पंधरा अमिनो आम्लं घेऊन कृत्रिम पेप्टाइड बनवायचं, आणि त्यातल्या थ्रिओनिनवर आधीच फॉस्फेट बसवलेलं ठेवायचं. एवढासा तुकडा सशाच्या शरीराला दखल घेण्याजोगा वाटत नाही. म्हणून तो एका मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. त्यासाठी एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं हिमोसायनिन सर्रास वापरतात. ठरावीक अंतरानं टोचणी दिल्यावर सशाच्या रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडं तयार होतात. त्यांतली काही वाहकाला चिकटतात, काही पेप्टाइडला पण फॉस्फेटकडे न बघता, आणि थोडी फॉस्फेटसकट असलेल्या आकारालाच.

ही थोडी वेगळी काढण्यासाठी दोन स्तंभ वापरतात. पहिल्यात फॉस्फेट नसलेलं पेप्टाइड बसवलेलं असतं. त्यातून सीरम जाऊ दिलं की फॉस्फेटची पर्वा नसलेली प्रतिपिंडं तिथंच अडकतात. जे खाली उतरतं ते दुसऱ्या, फॉस्फेट असलेल्या पेप्टाइडच्या स्तंभातून सोडायचं. यात जे अडकतं ते हवं असलेलं. मग आम्लधर्मी द्रावणानं ते सोडवून लगेच उदासीन करून ठेवतात. पहिली पायरी घाईत उरकली की कुपीवर ‘फॉस्फो’ लिहिलेलं असूनही आत दोन्ही रूपं ओळखणारं मिश्रण राहतं, आणि औषध द्या न द्या, पट्टा तेवढाच गडद येतो.

बत्तीस कुठले?

डार्प-३२ या नावातला आकडा किलोडाल्टनमधल्या वजनाचा आहे. माणसातलं हे प्रथिन २०४ अमिनो आम्लांचं. हिशेबानं त्याचं वजन २३ किलोडाल्टनच्या आसपास भरतं. पण जेलवर ते बत्तीसच्या खुणेपाशी थांबतं. त्याला पक्की घडी नसते, आणि मधल्या भागात ग्लुटामिक आम्लांची लांबच लांब रांग असते. अशी आम्लधर्मी, सैल प्रथिनं जेलमधून अपेक्षेपेक्षा सावकाश सरकतात. उकळलं तरी ते साकळत नाही, आम्लातही विरघळलेलं राहतं. या गुणांमुळेच सुरुवातीच्या काळात ते शुद्ध करणं सोपं गेलं.

ब्लॉट वाचताना याचा थेट उपयोग होतो. डेटाबेसमध्ये वजन पाहून नवखा विद्यार्थी २३ च्या जागी पट्टा शोधतो, आणि तिथं काही भलतंच फिकट दिसलं तर तेच खरं धरतो. उलट बत्तीसच्या जागी पट्टा आला म्हणून तो डार्प-३२ च असेल असंही नाही. मेंदूच्या अर्कात त्या वजनाची प्रथिनं भरपूर असतात.

भावंडांचा घोळ

डार्प-३२ ला एक जवळचं भावंड आहे, इन्हिबिटर-१. तेही पीपी-१ ला अडवतं, आणि तेही प्रोटीन कायनेज-ए कडून फॉस्फेट घेतं, फक्त ३५ व्या क्रमांकाच्या थ्रिओनिनवर. दोन्ही प्रथिनांत त्या थ्रिओनिनच्या आधी चार आर्जिनिन ओळीनं आणि मग एक प्रोलीन येतं, तर नंतर प्रोलीन आणि अ‍ॅलनिन. म्हणजे ज्या तुकड्यावर फॉस्फो प्रतिपिंड बेतलेलं असतं, तोच तुकडा दोघांत जवळजवळ सारखा आहे. इन्हिबिटर-१ मेंदूत इतरत्रही असतं. ब्लॉटवर दोघं वजनानं वेगळी पडतात, म्हणून निदान ओळखता येतात. मेंदूच्या कापावर रंग चढवला तर तिथं वजन दिसत नाही, रंग तेवढा दिसतो. थ्रिओनिन-३४ साठीचं प्रतिपिंड कापावर वापरणाऱ्यानं हे मनात पक्कं ठेवायला हवं.

दुसरं रूप त्याच जनुकातून येतं. टी-डार्प नावाच्या या आखूड प्रथिनात सुरुवातीची ३६ अमिनो आम्लं नसतात, म्हणजे थ्रिओनिन-३४ च नसतं. २००२ च्या सुमारास ते जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात पुढे आलं. स्तनाच्या काही कर्करोगांत ते ट्रास्टुझुमॅब या औषधाला दाद न देण्याशी जोडलं गेलं आहे. इथं प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या टोकाला चिकटतं यावर सगळं अवलंबून. सुरुवातीच्या टोकाचं प्रतिपिंड टी-डार्पला पाहूच शकत नाही. शेवटच्या टोकाचं दोन्ही रूपांना चिकटतं. गाठीतल्या ‘डार्प-३२’ बद्दलचा निबंध वाचताना म्हणूनच आधी साहित्य आणि पद्धतीचं पान उघडावं आणि प्रतिपिंड कोणत्या भागावर बेतलेलं आहे ते पाहावं.

ऊतक हाताळताना निसटणारं फॉस्फेट

उंदराचं डोकं वेगळं केल्यापासून स्ट्रायटम काढून गोठवेपर्यंत निष्णात हातांनाही वेळ लागतो. त्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळत नाही, कॅल्शियम पेशींत शिरतं, कॅल्सिन्यूरिन कामाला लागतं. थ्रिओनिन-३४ वरचं फॉस्फेट जिवंत मेंदूत होतं तेवढं मग राहत नाही. प्रतिपिंड कितीही अस्सल असलं तरी ते नसलेलं फॉस्फेट दाखवणार नाही.

यावर उपाय म्हणून काही प्रयोगशाळा खास बनवलेलं मायक्रोवेव्ह यंत्र वापरतात. त्याचा झोत प्राण्याच्या डोक्यावरच पडतो आणि एक-दोन सेकंदांत मेंदूतली एन्झाइम उष्णतेनं बंद पडतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनशी त्याचा संबंध नाही. ते महागडं असतं, आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी घेऊनच चालवतात. ज्यांच्याकडे ते नाही ते मेंदूचे पातळ काप ऑक्सिजनयुक्त द्रावणात जिवंत ठेवून त्यांवर औषध घालतात आणि ठरल्या क्षणी गोठवतात. नंतर गोठलेला तुकडा एसडीएस या डिटर्जंटच्या एक टक्का उकळत्या द्रावणात टाकून लगेच फोडायचा, की एकही एन्झाइम जिवंत राहत नाही.

पुढची एक बारीक गोष्ट अनेकांना कोणी सांगत नाही. ब्लॉटच्या पडद्यावरची मोकळी जागा झाकायला नेहमी साय काढलेल्या दुधाची पावडर वापरतात. दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेटनं लगडलेलं प्रथिन आहे. काही फॉस्फो प्रतिपिंडांना ते चालतं, काहींच्या बाबतीत पार्श्वभूमी काळवंडते. म्हणून अशा वेळी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घेणं बरं.

परीक्षा

प्रतिपिंड खरं आहे का, याची सर्वांत कडक परीक्षा म्हणजे ते प्रथिनच नसलेलं ऊतक. डार्प-३२ चं जनुक काढून टाकलेले उंदीर १९९८ मध्ये वर्णिले गेले. ते जगतात, वाढतात, त्यामुळे त्यांचा मेंदू तपासणीला मिळू शकतो. एका रांगेत साध्या उंदराचा स्ट्रायटम, शेजारी जनुक काढलेल्याचा. बत्तीसच्या जागचा पट्टा दुसऱ्या रांगेतून पूर्ण गेला पाहिजे. तो फिकट होऊन उरला, तर प्रतिपिंड आणखी कशाला तरी चिकटतं आहे. आता क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रामुळे पेशींतही अशी तुलना करता येते.

फॉस्फो प्रतिपिंडाला दुसरी परीक्षाही द्यावी लागते. नमुन्याच्या एका भागावर लॅम्ब्डा फॉस्फटेज चालवून फॉस्फेटं उतरवायची. एकूण डार्प-३२ चा पट्टा जागेवर राहावा, फॉस्फोचा नाहीसा व्हावा. उलट बाजूनं, कापांवर फोर्स्कोलिन घातलं की सायक्लिक एएमपी वाढतं आणि थ्रिओनिन-३४ चा पट्टा गडद व्हायला हवा. या रांगा एकाच जेलवर बसवल्या की प्रतिपिंडाची पारख एका दिवसात होते.

मेंदूच्या कापावर आणखी एक पडताळा आयताच मिळतो. स्ट्रायटममध्येच असलेल्या मोठ्या कोलिनर्जिक पेशींत डार्प-३२ नसतं. मिडब्रेनमधल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशींतही ते नसतं. त्यांच्या शेजारी येऊन पोहोचलेल्या स्ट्रायटमच्या तंतूंत मात्र असतं. या पेशी रंगल्या तर थांबून विचार करावा.

पेप्टाइडनं प्रतिपिंड अडवून पट्टा गेल्याचं चित्र अजूनही पुरावा म्हणून छापलं जातं. मला तो पुरावा अपुरा वाटतो. पेप्टाइड प्रतिपिंडाची चिकटण्याची जागाच व्यापतं; मग ते खऱ्या प्रथिनाला चिकटत होतं की भलत्याच, दोन्ही पट्टे जातातच.

हा आग्रह जास्तीचा नाही. माँट्रिअलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेल्या वायकारोस या उपक्रमानं २०२३ मध्ये मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीची ६१४ व्यापारी प्रतिपिंडं, जनुक काढलेल्या पेशींशी तुलना करून, तपासली. सरासरी प्रत्येक प्रथिनामागे सुमारे १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत अपेक्षित प्रथिन न ओळखणारं प्रतिपिंड वापरलं होतं. या तपासणीत कंपन्या सहभागी होत्या, आणि निकाल पाहून त्यांनी नापास झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडं विक्रीतून काढली, सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. रिकॉम्बिनंट प्रतिपिंडं सरासरीनं सर्वांत चांगली ठरली. त्याआधी २०१९ मध्ये याच गटानं मोटर न्यूरॉनच्या आजाराशी जोडलेल्या सी-नाइन-ऑर्फ-७२ या प्रथिनासाठीची १६ प्रतिपिंडं तपासली होती, आणि निबंधांत पुन्हा पुन्हा वापरलेली काही त्यात टिकली नाहीत. त्या निबंधांवर बेतून कुणी पीएच.डी.ची वर्षं घालवली असतील. याचं दुःख वाटतं, आणि ते टाळता येण्यासारखं होतं म्हणून जास्त वाटतं.

कुपी मागवण्याआधी

आपल्याकडे संशोधनाची बहुतेक प्रतिपिंडं बाहेरून येतात. शंभर मायक्रोलीटरच्या कुपीला हजारो रुपये पडतात आणि ती हातात यायला आठवडे जाऊ शकतात. पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळेला चुकीची कुपी म्हणूनच जास्त महाग पडते. मागणी नोंदवण्याआधी कॅटलॉगमध्ये जनुक काढलेल्या ऊतकाचं चित्र आहे का ते पाहावं. ते नसेल तर कंपनीला पत्र लिहून मागावं, पुष्कळदा मिळतं. उंदराच्या मेंदूवर काम असेल तर सशात बनलेलं प्रतिपिंड सोयीचं, कारण उंदरात बनलेलं घेतलं की दुय्यम प्रतिपिंड ऊतकातल्या उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही रंगवतं. ब्लॉटवर चालणारं प्रतिपिंड फॉर्मॅलिन लावलेल्या कापावर चालेलच असं नाही. दोन्हींची परीक्षा स्वतंत्र घ्यावी.

आल्या दिवशीच लहान लहान भाग करून गोठवावं, पुन्हा पुन्हा वितळवू नये. कुपीचा लॉट नंबर वहीत लिहावा, आणि निबंधात त्या प्रतिपिंडाचा आरआरआयडी हा जागतिक नोंदक्रमांक द्यावा, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थिनीला नेमकी तीच कुपी शोधता येते. पॉलिक्लोनल वापरत असाल तर जुना लॉट तळाशी थोडा उरलेला असतानाच नवा मागवावा, आणि एकच नमुना दोन्ही लॉटनी शेजारी शेजारी तपासून मगच पुढचे उंदीर घ्यावेत.